बाहेरचं काही आहे का?

आधी एक कबूल करा, ऐकून झाल्यावर आमच्या सासूबाईंसमोर हा विषय काढायचा नाही. त्या अजून हसतात. भाजी निवडताना हसतात, देवापुढे दिवा लावताना हसतात, आणि कोणी कारण विचारलं की माझ्याकडे बोट दाखवतात. चहा घ्या, सांगते.

मी मूळची दादरची. म्हणजे मराठी आपण बोलतो तेच, बाकीचे आपापल्या परीने प्रयत्न करतात, अशा समजुतीत वाढलेली. लग्न होऊन आले लालबागला, मालवणी घरात. इतकी वर्षं झाली, बांगडे साफ करायला शिकले, सोलकढी जमायला लागली. पण कोणी मालवणीत भरभर बोलायला लागलं की मी प्रेमळ हसते आणि मान हलवते. तेवढ्यावर भागतं, असं आपलं मला वाटायचं.

सासरच्या गावी एक दवाखाना आहे, गावच्या मुंबईकर मंडळानं बांधलेला. इमारत झकास. दारात संगमरवरी पाटी, तिच्यावर देणगीदारांची नावं, आणि ती मावेनात म्हणून शेजारी दुसरी पाटी. सिस्टर आहे, प्रेशर आणि साखर बघायची यंत्रं आहेत. डॉक्टर तेवढा नव्हता. पण उद्घाटन इतकं थाटात झालं की ही बारीकसारीक गोष्ट कोणाच्या लक्षातच आली नाही. माणूस आजारी पडला की एक तर लांब तालुक्याला जायचा, नाहीतर गावच्या भगताकडे. बहुतेक भगताकडेच, कारण तो घरी सापडतो.

मंडळाचे अध्यक्ष आमचे भाऊकाका, म्हणजे नवऱ्याचे चुलते. त्यांना मी छातीठोकपणे सांगितलं की डॉक्टर मी आणते. माझ्या मैत्रिणीचा मुलगा निनाद गिरगावात प्रॅक्टिस करतो. बिचारा तयार झाला. महिनाभर दर रविवारी सकाळी मंडळाच्या चिंचपोकळीच्या खोलीत बसायचं आणि मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून गावचे पेशंट बघायचे. लोक आले, तर पुढे दर महिन्याला तो स्वतः गावी जाणार. नाही आले, तर रामराम. म्हणजे गावाला डॉक्टर मिळणार की नाही, ते त्या महिन्यावर होतं. आणि मैत्रिणीसमोर माझं नाक राहणार की नाही, तेही.

माझं काम सोपं होतं. डॉक्टरच्या आधी पेशंटला नाव, वय, काय होतंय, कधीपासून, एवढं विचारून ठेवायचं, मग मोबाइल आत निनादकडे द्यायचा. त्यात एक प्रश्न मी स्वतःच्या अकलेनं घातला. "बाहेरचं काही आहे का?" आता मला सांगा, दादरमध्ये पोराच्या पोटात दुखलं तर आई दुसरं काय विचारते? बाहेरचं म्हणजे वडापाव, भेळ, गाडीवरचं सरबत. यात न कळण्यासारखं काय आहे?

सासूबाई म्हणाल्या, "मी बसतंय गो तुझ्यावांगडा. त्यांचा बोलणा तुका कळाचा नाय."

मी म्हटलं, "आई, आजाराला कसली आलीय भाषा?" हे वाक्य भाऊकाकांना इतकं आवडलं की त्यांनी लगेच एका भाषणात वापरून टाकलं.

पहिला रविवार. खोलीत एका बाजूला गणपतीच्या मखराचे तुकडे, दुसऱ्या बाजूला कॅरम, मध्ये मी आणि मोबाइल. निनाद आत पडद्यामागे, डॉक्टरसारखा. पहिल्या पेशंट पार्वतीकाकी. जळजळतं, घशाशी येतं, झोप नाही. मी माझा प्रश्न विचारला. बाहेरचं काही आहे का?

काकींनी मागे वळून बघितलं. मग मोबाइलच्या अगदी जवळ आल्या. "तुमका कसा कळला?"

"लक्षणांवरून कळतं हो. कधीपासून?"

"गेल्या अवसेपासून."

मला काही वाटलं नाही. गावची माणसं, तिथीनं मोजतात, किती छान, म्हटलं. कुठे झालं विचारलं, तर म्हणाल्या, वडाकडच्या वळणावर. मला ती जागा चांगली ठाऊक. तिथे भज्यांची गाडी लागते. म्हटलं, सापडलं.

"तिथलं पुन्हा घ्यायचं नाही."

"मी खंय घेतलंय? ता आपसूक माझ्या पाठसून इला."

मला वाटलं, फुकट दिलं असेल. "कोणाचं आहे ते?"

"आमच्या थोरल्या जावेचा असतला."

अच्छा, म्हणजे गाडी जाऊबाईंची. घरातलंच प्रकरण. मी म्हटलं, मग त्यांना सरळ सांगा ना. तर काकी म्हणाल्या, ती कोणाचं ऐकणाऱ्यातली नाही. हे ऐकल्यावर माझ्यातली दादरकरीण जागी झाली. "अहो, ऐकणार नाही म्हणजे काय? आम्ही मंडळातर्फे पंचायतीत तक्रार करतो. त्यांना कायमचं बंद करून टाकू."

काकींच्या डोळ्यांत पाणी. "खरांच बंद करशात?"

"एका आठवड्यात," मी म्हटलं.

काकींनी मोबाइलला हात जोडले आणि उठून गेल्या. निनादला भेटायचं राहूनच गेलं. मला वाटलं, रेंज गेली.

पुढच्या रविवारी सिस्टरनं मोबाइल फिरवून दाखवला, तर दवाखान्याच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नाही. भाऊकाकांनी तिसऱ्या पाटीचा विषय काढला. मी हवेत. एकेक पेशंट येई, चार प्रश्नांना कशीबशी उत्तरं देई आणि पाचव्याची वाट बघत बसे. तो विचारला की चेहरा उजळायचा. कोणाचं अवसेला झालेलं, कोणाचं तिन्हीसांजेला, कोणाचं विहिरीपाशी. मी मनात म्हटलं, काय ही गावातली खाण्याची ठिकाणं. एकानं कॅमेऱ्यासमोर जिवंत कोंबडा धरला. मी हात जोडून सांगितलं, आम्ही काही घेत नाही, कोंबडा परत न्या. झालं. बाई कोंबड्याशिवाय करतात, ही बातमी दुपारपर्यंत शेजारच्या वाडीत पोचली. भगताचा धंदा बसला म्हणे. मला वाटलं, विज्ञानाचा विजय.

फक्त निनाद आत नुसता बसून. तिसऱ्या रविवारी तो पडदा बाजूला करून बाहेर आला.

"मावशी, तुझ्यापुढे जत्रा भरते आणि माझ्याकडे कोणी येत नाही. तू विचारतेस तरी काय त्यांना? मी पुढच्या रविवारपासून नाही येत."

मैत्रिणीचा चेहरा डोळ्यांसमोर आला, तो डॉक्टर नसलेला दवाखानाही आला. म्हटलं, तूच बघ काय विचारते ते. नेमक्या तेव्हा सासूबाई आमच्यासाठी आंबोळ्यांचा डबा घेऊन दारात उभ्या. मी पुढच्या पेशंटला विचारलं, बाहेरचं काही आहे का? सासूबाईंच्या हातातला डबा तिरका झाला.

"अगो, ह्या काय इचारतंस?"

"का? बाहेरचं खाणं..."

"खाणा खंयचा? आमच्याकडे भायरचा म्हणजे भूत लागलेला गो!"

मी हळूच पार्वतीकाकींच्या जावेचं विचारलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "ती मेल्याक वर्सां झाली. त्याच वळणार गाडयेखाली गावली."

म्हणजे मी मंडळाच्या वतीनं एका मेलेल्या बाईची पंचायतीत तक्रार करून तिला कायमचं बंद करणार होते. तेही आठवड्यात. निनाद कॅरमवर डोकं टेकवून हसत होता. सासूबाई तेव्हा हसायला लागल्या, त्या अजून थांबलेल्या नाहीत.

मी तडक खुलासा करायला मोबाइल हातात घेतला. ओट्यावरच्या सगळ्यांना सांगितलं की बाहेरचं म्हणजे भजी, वडापाव, उघड्यावरचं. मला तसलं काही येत नाही. सगळ्यांनी आदरानं ऐकून घेतलं. सिस्टर मागे वळून लोकांना म्हणाली, मोठी माणसं स्वतःच्या तोंडानं कधी कबूल करत नाहीत. आणि वर पार्वतीकाकी उठून साक्ष द्यायला आल्या. बाईंनी शब्द दिल्यापासून जळजळ गेली, झोप लागते. निनादनं खोदून विचारलं, तेव्हा कळलं की मी बजावल्यापासून काकी त्या वळणावर फिरकत नाहीत. त्याआधी रोज संध्याकाळी तिथे उभ्या राहून प्लेटभर भजी खायच्या. म्हणजे निदान माझंच बरोबर होतं. पण हे कोणाला सांगणार? सासूबाई श्वास घ्यायलाही थांबत नव्हत्या.

शेवटी वाट निनादनंच काढली. "मावशी, खुलासे पुरे. त्यांना एवढंच सांग, बाहेरचं मी बघितलं, आतलं डॉक्टर बघतील."

मी, सुशिक्षित बाई, दादरची, विज्ञानाची बाजू घेणारी, मोबाइलपुढे बसून ते वाक्य जवळजवळ मंत्रासारखं म्हणाले. ओटा मुकाट्यानं उठला आणि मोबाइलवरच्या डॉक्टरपुढे रांगेत बसला. त्या दिवशी एका म्हाताऱ्याची वाढलेली साखर सापडली, एका बाईचं प्रेशर सापडलं. दोघंही तोवर माझ्या भरवशावर होते.

महिना पार पडला. निनाद शब्दाचा पक्का निघाला, गावी जायला तयार झाला. पहिल्या खेपेला मीही बरोबर गेले. पोचता पोचता तिन्हीसांज झाली. वडाचं वळण आलं. कांदाभज्यांचा वास सुटला आणि निनादनं गाडीचा वेग कमी केला.

"थांबू या का, मावशी? गरम दिसतायत."

गाडीपाशी गिऱ्हाईक नव्हतं. वडाखाली अंधार होता. आणि मला उगाचच आठवलं, की कोणालातरी कायमचं बंद करायची भाषा मी केली होती आणि ती गावभर झाली होती.

"नको रे," मी काच वर करत म्हटलं, "बाहेरचं आहे."

निनादनं वळून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे नक्की कुठलं?"

मी म्हटलं, "तू आधी गाडी पळव."