न बोललेली मात

बुद्धिबळ खेळून काय मिळतं, असं गेल्या महिन्यात एका शिकलेल्या बाईंनी मला विचारलं. वाचनालयाच्या ओट्यावर मी पेन्शनर मंडळींशी खेळते, त्याचं त्यांना कौतुक वाटलं होतं. डोकं ताजं राहतं, वेळ बरा जातो, असं काहीतरी मी बोलले. ते खोटं नव्हतं, पण ऐकून बाई खूश झाल्या आणि मला उगाच राग आला. मला त्या खेळातून भाकरी मिळाली, आणि ती कुणाच्या तोंडची होती तेही मला ठाऊक आहे.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात घरात दोघंच उरलो होतो, मी आणि माझे सासरे. नवरा हमालीला सोलापूरला गेला होता आणि त्याचा निरोप क्वचित यायचा. मला पाचवा महिना लागला होता. मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. मामंजींना दमा, त्यांना मुकादमानं पहिल्याच दिवशी घरी पाठवलं. तेव्हापासून ते ओसरीवर पट मांडून एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत बसायचे. सोंगट्या निजामाच्या अमदानीतल्या होत्या. काळा वजीर हरवला होता, त्याच्या जागी बिब्बा ठेवलेला.

माहेरी वडलांना भिडू मिळत नव्हता, म्हणून त्यांनी मला खेळ शिकवला होता. पण सासऱ्यासमोर सुनेनं बसायचं नाही, बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. एकदा झाडता झाडता मला दिसलं की त्यांचा हत्ती फुकट जातोय. तोंडातून निघून गेलं, "घोडा बघा." मग जीभ चावली. मामंजींनी मान वर केली नाही. थोड्या वेळानं त्यांनी पट उंबऱ्यापर्यंत सरकवला आणि स्वतः तोंड फिरवून बसले. मी आत, दाराआड, नाकापर्यंत पदर घेऊन. मी शह दिला की बांगडी उंबऱ्यावर वाजवायची, असं आपोआपच ठरलं. दोन वर्षं त्या घरात मी भांड्याकुंड्यांसारखी होते. त्या उंबऱ्यावर पहिल्यांदा कुणीतरी माझ्या डोक्याचा विचार करू लागलं. हे सुख मी नाकारणार नाही.

सोसायटीच्या दुकानात तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तीही पुरेशी नाही. सकाळी कण्यांची आंबील, संध्याकाळी एक भाकरी. त्या भाकरीवरून आमची रोजची भांडणं. मी दाराआडून म्हणायचे, कामावर वाटलेली सुकडी खाल्लीय. ते म्हणायचे, भूक न्हाय. दोघंही खोटारडे. शेवटी एके दिवशी ते भिंतीकडं बघत म्हणाले, "डावावर ठरवू. जो मात खाईल त्यानं भाकर खायची."

मला हसू आलं. हरणाऱ्यानं खायचं, म्हणजे दोघांनाही जिंकायचं होतं.

आमचा खेळ जुन्या देशी पद्धतीचा. त्यात समोरच्याचा राजा एकटा उरला, एकही प्यादं राहिलं नाही, की डाव बुर्जी, म्हणजे बरोबरी. म्हणून शहाणा खेळाडू शेवटचं प्यादं मारत नाही. बुर्जी झाली की भाकरी अर्धी अर्धी. आणि मामंजींनी आणखी एक अट घातली. "शह बांगडीनं चालंल. मात मातूर तोंडानं बोलावी लागती. न बोललेली मात मी मोजणार न्हाय."

ते माझ्यापेक्षा चांगले खेळायचे. बहुतेक दिवस ते जिंकले आणि मी भाकरी खाल्ली. ती गिळताना मला त्यांचा संताप यायचा, आणि भूकही अशी निलाजरी की एक तुकडा उरायचा नाही.

पण वैशाखात त्यांचं लक्ष लागेना. पाय सुजले होते. एके दिवशी माझा हत्ती आणि वजीर दोघं त्यांच्या राजावर आले. एक चाल, आणि मात. राजाखेरीज त्यांच्याकडं एकच प्यादं उरलं होतं. मी चाल खेळायला हात उचलला. बापाच्या वयाच्या माणसाला, सासऱ्याला, तोंडावर मात म्हणायचं कसं? मी हत्तीनं ते प्यादं मारलं. बुर्जी.

ते पटावर वाकले. "मात व्हती की."

"दिसली न्हाय, मामंजी," मी दाराआडून म्हणाले.

"मग ठीक हाय," ते म्हणाले. त्यांनी भाकरी मोडली. मोठा तुकडा माझ्याकडं सरकवला.

त्यानंतर तीन वेळा असंच झालं. तीनदा मात माझ्या हातात होती आणि तीनदा मी प्यादं मारलं. लोक त्याला मर्यादा म्हणतात. मी आता त्याला मूर्खपणा म्हणते.

मृग कोरडाच गेला, त्या आठवड्यात मामंजी गेले. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, दमा होताच, पण म्हाताऱ्याच्या पोटात काही नव्हतं. माझ्याकडं न बघता म्हणाला.

नवरा आला, दहावा झाला. पिंडाशेजारी मी अख्खी भाकरी ठेवली होती. कावळा शिवेना. भावकीतले एकेक पुढं होऊन हात जोडत होते, पोराला सांभाळू, सुनेला अंतर देणार नाही. मी बायकांमागं लांब उभी होते. मला काय झालं कोण जाणे, मी पुढं गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मामंजी, मात."

कुणी माझा दंड धरून मला मागं नेलं. कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा करून शिववला आणि सगळे घरी परतले.

श्रावणात मुलगी झाली, धडधाकट. आज तिलाही मुलं आहेत. वाचनालयात मात द्यायची वेळ आली की माझा आवाज आपोआप चढतो, आत पेपर वाचणारेसुद्धा माना वर करतात. पेन्शनर मंडळी हसतात. परवा एकजण म्हणाले, "ताई, जरा हळू बोला. आम्हाला ऐकू येतं."