शेवटचे पाऊल आखूड पडते

खो मिळेपर्यंत ती हलत नसे. पाठीमागे पावले वाजत, समोरून धावणारी मुलगी हात लावता येईल इतक्या जवळून जाई. ही चवड्यांवर तशीच. बोईसरच्या आमच्या शाळेतील मुलींनी तिचे नाव ‘दगड’ ठेवले होते. शिरगावची एक मुलगी तर भर सामन्यात म्हणे, “दगडा, मैदान हललं तरी तू हलायची नाय.” एकदा सामना रंगात असताना शेजारच्या कारखान्याचा भोंगा वाजला. दोघी दचकून उठल्या आणि फाउल झाला. दगड जागेवर होती. मी तेथे खेळाचा शिक्षक होतो, पंचही मीच. तिला शाबासकी दिल्याचे मला स्मरत नाही.

मागून खो येणार हे तुला आधी कसे कळते, असे मात्र विचारले होते. “शेवटचं पाऊल आखूड पडतं, सर,” एवढेच ती म्हणाली.

निवृत्त होऊन मी केळव्याजवळच्या माहीमला राहू लागलो. काही वर्षांपूर्वी ती तेथे फोन घेऊन आली. दिवसा नोकरी सांभाळून संध्याकाळी तिने खो-खोचा व्हिडिओ गेम तयार केला होता. पाठीवर हात पडला की पडद्याला बोट लावायचे. आधी लावले तर फाउल. उशीर झाला तर समोरची निसटली. नेमक्या क्षणी एक हिरवा दिवा लागे. मी थोडा वेळ खेळलो आणि फोन परत दिला. मी दिव्याकडेच पाहत होतो, खो-खो मला दिसलाच नाही, असे सांगितले. तिने वाद घातला नाही. चहा घेतला आणि गेली.

पुढच्या खेपेस दिवा नव्हता. पावले होती, आणि त्यांतले शेवटचे आखूड. ते खेळणाऱ्याने स्वतः हेरायचे. त्या दिवशी माझे जेवण निवून गेले.

चुकण्याबद्दल तिचे मत ठाम होते. “हुकलं की राग स्वतःचा यायला हवा, सर. फोनचा आला की माणूस खेळ टाकतो.” याची परीक्षा ती कारखान्याच्या फाटकाशी पाळीची वाट पाहत उभ्या असलेल्या कामगारांवर घेई. “मैंने ही जल्दी की, एक बार और दे,” असे कोणी म्हणाले की ती समाधानाने घरी परते.

बोट केसभर आधी पडले तरी तिचा गेम ते चालवून घेई. मला हे पसंत नव्हते. फाउल तो फाउल. त्यावर ती म्हणाली, “तुम्हीही सोडायचात, सर. तुमची शिट्टी तोंडाशी जाईपर्यंत खो मिळालेला असायचा.” मी विषय बदलला.

पुढे पुण्याच्या एका कंपनीने तो गेम बाजारात आणण्याची तयारी दाखवली. तो लोकांच्या हाती पडावा, याखेरीज तिला काही नको होते. कंपनीची अट एकच होती. माणूस सलग जिंकू लागला की ती केसभर मुभा गुपचूप कमी करायची. चिडलेला माणूस पुनःपुन्हा खेळतो, असा त्यांचा हिशेब. खेळ अवघड करू, पण खेळणाऱ्याला सांगून करू, असे तिने सुचवले. ते त्यांनी मानले नाही.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी होतो. तिचे वडील सांगलीकडून कारखान्यात नोकरीला आलेले. ते तिला म्हणाले, “ती फोनातली रेघ हाय, शेताचा बांध न्हाई. सरकव की थोडी.”

“सरकवलेला बांध दिसतो तरी, आबा,” ती म्हणाली.

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी तिने कंपनीला नकार कळवला. गेम बाजारात आला नाही.

नंतर तिला हैदराबादला नोकरी लागली. निघण्यापूर्वी ती पाया पडायला आली आणि माझ्या फोनवर गेम घालून गेली. मी तिला जपून राहायला सांगितले.

आता मी तो रोज सकाळी खेळतो. अलीकडे समोरची मुलगी वारंवार निसटते. शेवटचे पाऊल पूर्वीइतकेच आखूड पडते, मुभाही तेवढीच आहे. त्याविषयी मला शंका नाही. राग येतो तो माझा. मग आणखी एकदा खेळतो.