शेंडीचा भाव

शारजात आमच्या खालच्या मजल्यावर डबे करणाऱ्या वहिनी. आईची खाट कुठं मावणार हे आज मला ठाऊक आहे, ते त्यांच्यामुळं. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

माझी शाळा नववीत सुटली. इथं मी एसी दुरुस्त करतो आणि बंकवर झोपतो, त्यामुळं माझ्यासाठी घर म्हणजे कूस बदलता येईल एवढी जागा. गावाकडं आईचे गुडघे गेलेत, म्हणून तालुक्याला लिफ्टचा फ्लॅट घ्यायचं ठरवलं. दुबईत एका हॉटेलात आपल्याकडच्या बिल्डरांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या सेल्समननं मला साहेब म्हणून साबुदाणा वडा दिला. मग मी इथल्या सवयीनं घासाघीस केली आणि फुटाचा दर पाडला. साडेसहाशे फूट, पझेशन दिवाळीला, रविवारी बुकिंग. दोन दिवस छाती फुगवून फिरलो.

वहिनींना नकाशा दाखवला.

"दर पाडलात, छान. पण हे फूट कुठले? सुपर बिल्ट-अप की कार्पेट?"

मी मान हलवली. न समजता मान हलवण्यात माझा हातखंडा आहे.

त्यांनी ओट्यावरचा नारळ उचलला. "हा शेंडीसकट अख्खा म्हणजे सुपर बिल्ट-अप. लिफ्ट, जिना, लॉबी, सगळ्यातला वाटा धरून. सोलून करवंटी राहिली की बिल्ट-अप, म्हणजे भिंती धरून. आणि तुमच्या तोंडात पडणारं खोबरं म्हणजे कार्पेट."

"म्हणजे मी शेंडीचा भाव पाडला?"

"फार छान पाडलात भाऊजी. पण शेंडीवर खाट मावत नाही."

मग त्यांनी डब्यांना लावायच्या चिकटपट्टीनं आईची खोली हॉलच्या फरशीवर आखली. मला खाट म्हणून आडवं केलं, स्वतः कपाट होऊन उभ्या राहिल्या आणि लेकीला दार केलं. दार उघडलं ते थेट माझ्या नडगीवर.

"मम्मा, इज अंकल ओके?"

"अंकल आत्ताच ओके झाले," वहिनी म्हणाल्या. "आणि चावी हातात आली म्हणजे झालं असं नाही हं. भोगवटा प्रमाणपत्र विचारा. राहायची परवानगी ती. आम्ही त्याशिवाय चावी घेतली, नळ काही मिळाला नाही आणि टँकरच्या पाण्यावर दिवस काढले."

रविवारी त्या सोबत आल्या. मी चाचरत भोगवट्याचं विचारलं. सेल्समन मूळचा साताऱ्याचा, तरी म्हणाला, "इन्शाल्ला, साहेब."

"खलास," वहिनी म्हणाल्या. "इन्शाल्लावर आलं म्हणजे काही खरं नाही. चला भाऊजी. वडा खाऊन घ्या हवा तर."

पुढं दुसऱ्या इमारतीत फ्लॅट मिळाला. कागदावर लहान, पण खोबरं जास्त, आणि प्रमाणपत्र आधीच आलेलं. खाट खिडकीशी बसते. नोंदणीला सुट्टी मिळेल ना, या काळजीनं हल्ली झोप येत नाही, ते वेगळं.

वहिनी, त्या घरात पहिलं पान तुमचं. स्वयंपाक मी करणार आणि तुम्ही बसून खाणार. मीठ कमी पडलं तर खुशाल बोला, पण ओट्याकडं फिरकायचं नाही.