बारशाला मी कानात काय बोलले

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढंही नाही. तुम्हाला सांगतेय — पण ऐकून झाल्यावर माझी समजूत काढायला येऊ नका. ते मला चालणार नाही.

माझ्या धाकट्या भावानं, सुधीरनं, मुलगी दत्तक घेतली. आधी बरीच वर्षं दवाखाने झाले, मग संस्थेत नाव नोंदवलं, मग नुसती वाट. जेमतेम चार महिन्यांचं लेकरू घरी आलं. आमची आई पाचोडहून सुधीरच्या सिडकोतल्या फ्लॅटवर आली होती. तिनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "लई उशीर केलास गं माय!" सगळ्यांचे डोळे भरले. माझे? कोरडे.

का कोरडे? मी सुधीरला म्हणाले होते, मूल हवंच तर घरातलं घे, माझा धाकटा घे. आमच्याकडं असं होत आलंय. तो म्हणाला, "ताई, तुझं लेकरू तुझ्यापासून तोडू व्हय?" चांगलंच बोलला. पण मला झोंबलं. माझं रक्त नको, आणि कुणाचं कोण जाणे, ते चालतं! — हे कारण म्हणून सांगत नाहीये. मनात काय शिजत होतं, तेवढं सांगतेय.

बारसं ठरलं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, शेजारच्या शबानाभाभी स्वतः शिवलेली कुंची घेऊन आल्या. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात नाव सांगते, कुर्रर्र करते आणि बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. त्या गलक्यात आत्या काय बोलली, हे बाळाशिवाय कोण ऐकतं?

मी वाकले. एवढासा कान, वर तेलाचा वास. नाव ठरलं होतं शर्वरी. ते मी घेतलंच नाही. मी म्हणाले —

"तू आमची नाहीस."

मग कुर्रर्र केलं. धपाटे खाल्ले. मानाची साडीही घेतली. नंतर ती नेसलेसुद्धा.

तान्ह्या लेकराला काय कळतंय, असं म्हणू नका. मला कळत होतं ना? आणि पुढं मी तिला जीव लावला, हेही सांगू नका. लावलाच. तिला सायकल मी शिकवली. वेणी तिला माझ्याच हातची लागते. एका लग्नात कुणी बाई "दत्तक ना ही?" म्हणाली, तर भर पंगतीत मी तिला झाडलं. तेव्हापासून सगळे मला वाघीण म्हणतात. म्हणू देत! त्या बाईच्या कितीतरी आधी, त्याहून वाईट मी बोलून बसले होते. नंतरच्या मायेनं ते पुसलं जात नाही — आणि मला पुसायचंही नाही.

शर्वरी मैत्रिणींना ऐटीत सांगते, "माझं नाव सगळ्यात आधी आत्यानं घेतलं." मी हसते. तिला खरं सांगणार आहे का? नाही. भित्री म्हणा हवं तर. पण माझं ओझं उतरवायला तिची ती ऐट मी मोडणार नाही.

गेल्या महिन्यात सुधीरकडं दुसरं बाळ आलं. मुलगा, तोही दत्तक. पुन्हा पाळणा, पुन्हा मान माझा. शर्वरीनं मला हाताला धरून पाळण्यापाशी नेलं. मी वाकलेच नाही. ताठ उभी राहिले आणि खालच्या वॉचमनलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ईशान! आमचा ईशान!"

"अगं, कानात सांगायचं असतंय!" आई वैतागली. "येड लागलं का तुला?"

"लागू दे. ह्याचं नाव सगळ्यांसमोर," मी म्हणाले.

बायका हसल्या. कानात बोलायला माझा माझ्यावरच भरवसा नाही, हे त्यांना काय सांगणार?

मग धपाटे सुरू झाले. पहिला शर्वरीचा, सणसणीत.

"लागलं का गं आत्या?"

"नाही," म्हणाले. लागलं होतं. मी पाठ तशीच ठेवली.