एका चेहऱ्याच्या दोन पाट्या

"सोताचंच तोंड पाहाले तिकीट कायले लागते, बाबू?"

दर बाजारच्या दिवशी माझ्या खिडकीशी हा प्रश्न यायचा. प्रश्नामागून पांढऱ्या मिशा यायच्या आणि मग लाल रुमाल बांधलेलं डोकं. मी तिकीट फाडायचो. काका ते घडी करून रुमालात खोचायचे आणि आत जायचे. आमच्या गावच्या जुन्या राजवाड्यात आता लोकजीवनाचं संग्रहालय आहे, आणि तिकिटांच्या खिडकीवर मी बसतो. काका जवळच्या बंजारा तांड्यातले. थोडा कापूस, थोडी तूर, दारात शेळ्या. आणि दरबार हॉलमध्ये गादीवर बसलेल्या महाराजांच्या पुतळ्याला तोंड होतं ते ह्या काकांचं.

त्याचं असं झालं. संग्रहालय करायचं ठरलं, पण महाराजांचं एकही चित्र सापडेना. वंशजांना, म्हणजे पुण्यात राहणाऱ्या राजेसाहेबांना, विचारलं. त्यांनी स्वतःचा गॉगल लावलेला फोटो मोबाईलवर पाठवून दिला. मूर्तिकार कपाळाला हात लावून पायरीवर येऊन बसला. समोरच्या सावलीत काका बाजार आटोपून बसले होते, येणाऱ्याजाणाऱ्याला डोळ्यांनी जोखत. मूर्तिकार उठून उभाच राहिला. म्हणाला, "सापडला राजा!" काकांनी फक्त विचारलं, "बसू का उभा राहू?" साचा घेताना अर्धी मिशी प्लास्टरबरोबर निघून आली. ती पुन्हा वाढेपर्यंत तांड्यात राजा अर्ध्या मिशीनं हिंडत होता.

इथवर गंमत म्हणून सोडून देता आलं असतं. पण हा माणूस त्या चेहऱ्याला जागायला लागला. आयुष्यभराचा तंबाखू-सुपारीचा खर्रा एका दिवसात सुटला. बसस्टँडवरच्या शिव्या बंद झाल्या. "राजाच्या तोंडात खर्रा शोभते का?" असं आपल्याच पोरांना विचारायचे. ग्रामपंचायतीला उभं राहा म्हणून दोन्ही पॅनेलवाले मागे लागले, तेव्हा "राजा कधी मत मांगते का?" म्हणून दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं. खुर्चीवर बसून बिघडलेली माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. खुर्चीवर बसून सुधारलेला मी हा एकच पाहिला, आणि तोही पुतळा होऊन.

पाहुणे आले की त्यांना घेऊन यायचे आणि पुतळ्याखालची पाटी मला वाचायला लावायचे. "महाराजांच्या मुद्रेवरील करारीपणा व दूरदृष्टी लक्षणीय आहे." काका डोळे मिटून ऐकायचे. मग पाहुण्यांना सांगायचे, "आमचे आजे बैलाइच्या पाठीवर घालून याच राजाले मीठ आनून देत. आमी नसतो तं यानं जनमभर अळनी खाल्लं अस्तं. आता त्यानं मले गादी देल्ली. फिटंफाट!"

शेजारच्या खोलीत तांडा दालन होतं. तिथे घागरा-कांचळी घालून दोन बाया उभ्या होत्या, कापडदुकानातून आणलेल्या, गुलाबी गालांच्या. एकदा काकू सोबत आल्या होत्या. त्यांनी त्या बायांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "यायले ऊन लागलं नाही वाटते कधी." तांड्यातलं खरं माणूस अख्ख्या राजवाड्यात एकच होतं आणि ते गादीवर बसलं होतं. ह्यात कोणालाही काही वावगं वाटत नव्हतं, कारण कोणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

मग वर्धापनदिन आला. राजेसाहेब फेटा बांधून आले, सोबत फोटोग्राफर. भाषणं झाली. शेवटी ते गादीसमोर गेले, वाकले, पुतळ्याच्या पायांवर डोकं टेकलं आणि डोळे पुसले. सगळा हॉल गप्प झाला. त्या शांततेत दाराकडून खणखणीत आवाज आला.

"सुखी राहा, बाप्पा! लेकरंबाळं सुखात राहो!"

सगळ्या माना मागे वळल्या, मग पुढे, मग पुन्हा मागे. गादीवर एक आणि दाराशी एक. कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मोबाईल बाहेर निघाले. मी काकांना हाताला धरून व्हरांड्यात आणलं.

"काका, काय केलंत हे?"

"काय केलं मंजे?" ते खरोखरच गोंधळले होते. "पोरगा पाया पडला. कोनी पाया पडल्यावर मुक्यानं उभं राहाचं का, बाबू?"

मीटिंग झाली. राजेसाहेबांचा अपमान झाला होता. नेमका कोणी केला हे कोणाला सांगता येईना, पण झाला होता यावर एकमत होतं. महाराजांना नवं डोकं बसवण्यात आलं, गोरं, गुळगुळीत, राजेसाहेबांच्या जबड्याचं. जुनं डोकं वाया कशाला घालवायचं? ते तांडा दालनात एका धडावर बसवलं आणि हातात डफ दिला. "आता वर्गवारी शास्त्रशुद्ध झाली," संग्रहालयाचे आमचे साहेब म्हणाले.

काकांना सांगायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. ते हसले. "गादी कोनाची राह्यली हाय, बाबू? डोस्कं फोडलं नाही ना? मंग झालं." आत जाऊन त्यांनी स्वतःला नव्या जागी पाहिलं. "म्या जन्मात डफ वाजवला नाही," एवढंच म्हणाले. मग पाटीकडे बोट केलं.

मी वाचली. "चेहऱ्यावरील निरागस, भोळे भाव हे या समाजाचे वैशिष्ट्य होय."

"भोळे?"

"हो."

"अन् तिकडं काय होतं?"

"करारी."

काका आपल्या तोंडाकडे पाहत राहिले. "नाक तेच हाय. डोये तेच. मिशी तं माही उपटूनच नेलती. मधात एक भित हाय, तं तेवढ्यानं म्या भोळा झालो?"

मी साहेबांकडे पाटीचा विषय काढून पाहिला. पाटी तज्ज्ञांनी लिहिली आहे, असं उत्तर मिळालं. काका त्यानंतर आले नाहीत. बाजारच्या दिवशी मी खिडकीतून मान बाहेर काढून वाट पाहायचो आणि मला फार वाईट वाटायचं. पुढे त्यांच्या पुतण्याकडून कळलं की खर्रा पुन्हा सुरू झाला आहे. कोणी टोकलं तर म्हणतात, "भोळ्या मानसाले चालते." गेल्या उन्हाळ्यात काका गेले.

पावसाळ्याच्या तोंडाशी काकू आल्या आणि सरळ तांडा दालनात गेल्या. बऱ्याच वेळानं मी मागे गेलो, तर त्या ओढणीच्या टोकानं पुतळ्याच्या तोंडावरची धूळ पुसत होत्या.

"लोकं ते लिवलेलं वाचतात," त्या म्हणाल्या, "अन् मंग याच्या तोंडाकडं पाहून हासतात. म्या आत्ताच पाह्यलं." मग म्हणाल्या, "याचं तोंड खिडकीकडं करून द्या, बाबू. तिकडं बाजार हाय. याले मानसं पाहाले आवडे."

वस्तूंना हात लावू नये, ही पाटी त्या दालनात मीच ठोकलेली आहे. एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं काकूंनी, आणि आम्ही पुतळा फिरवला.

मध्यंतरी साहेब पाहुण्यांना घेऊन आले होते. त्यांनी पाटी मोठ्यानं वाचली, पुतळ्याच्या पाठीकडे कौतुकानं पाहिलं आणि म्हणाले, "भाव किती छान पकडलेत, बघा." पाहुण्यांनीही माना डोलावल्या.

खिडकीखाली बाजार भरतो. तांड्यातली माणसं जाता जाता वर पाहून राम राम करतात. काकू येतात, एकदा वर पाहतात, ओढणी थोडी पुढे ओढतात आणि वांगीवाल्याशी भाव करायला बसतात.