आबांची जागा

कोल्हापुरात जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात एका लांबलचक अमेरिकन गाडीपाशी मी रेंगाळलो होतो. शेजारी एक आजी बॉनेटवर तळवा टेकून उभ्या होत्या.

"बंद आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे, आजी," गाडीचे मालक हसले. "आठ सिलिंडर एका रांगेत. हिचा आवाजच येत नाही."

आजींचे वडील, आबा, एका संस्थानिकांकडे अशाच गाडीवर ड्रायव्हर होते. ती गाडी आजींनी फक्त बाहेरून पाहिलेली. हे ऐकून मालकांनी मागचं दार उघडलं. आत मखमली गादी, पायांखाली मऊ उशी. मागे बसणाऱ्याला रस्त्यातला खडासुद्धा जाणवू नये, म्हणून सातासमुद्रापलीकडे कुणी किती जीव ओतला असेल!

"मागे नको. आबांच्या जागेवर बसते," आजी म्हणाल्या.

पुढे बसून त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग वळवून पाहिलं. ते तसूभरही हललं नाही.

"केवढं जड आहे हो हे!"

मग हळूच म्हणाल्या, "आबा घरी आले की आई त्यांचे खांदे चोळून द्यायची. आम्हाला वाटायचं, गाडीत बसून माणूस दमतो कसा?"