आबांचे तारे

"तू पाहिलंस?" कुणी काहीही सांगितलं की आबा तर्जनी उचलून हेच विचारायचे. बावड्यात गारा पडल्या, असं मी एकदा म्हणालो.
"तू पाहिलंस?"
"न्हाय, ऐकलं."
"मग 'म्हणे' लाव. गारा पडल्या म्हणे."
अशा माणसाशी दोन मिनिटं बोलून बघा, तुमचंही डोकं फिरेल. माझं तर बारामतीत टायपिंगचं दुकान. आबा आपली पुस्तिका टाइप करून घ्यायला तिथंच यायचे, त्यामुळं पळायची सोय नव्हती.

आबा इंदापूरला संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, राहायला सांगवीत. आयुष्य एका क्रियापदामागं घातलेलं: फेरो, म्हणजे 'मी वाहून नेतो'. लॅटिनच्याही आधीच्या भाषेतलं, आपल्या संस्कृत 'भरामि'चं सख्खं भावंड. फेरो, फेरेस, फेरेत अशी रूपं ते चहा निवेपर्यंत चालवायचे. ही रूपं कुठं लिहिलेली सापडत नाहीत, नंतरच्या भाषांवरून ताडलेली. म्हणून प्रत्येकाआधी एक तारा (*) लावायचा, अशी त्या शास्त्राची रीत.

ती मला कुठली ठाऊक! मी जन्मभर परीक्षेची गाइडं टाइप केलेली. तिथं तारा म्हणजे हमखास येणारा प्रश्न. आबांच्या पुस्तिकेत पानोपानी तारे बघून मी म्हटलं, सगळंच कसं येईल परीक्षेला? एका झटक्यात सगळे उडवले. वर स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन भजी मागवली.

पुस्तिका छापून पुण्यातल्या एका जाणकार बाईंकडं गेली. एका ओळीचं उत्तर आलं: 'हा शिलालेख तुम्हाला कुठं सापडला?'

आबा तडक दुकानात आले. "गाढवा, तारा नाही म्हणजे ते रूप मी लिहिलेलं पाहिलंय! म्हातारपणी मला खोटारडा केलंस."
"आबा, बारकी खूण ती..."
"आबा म्हणू नको. बाईंना लिही. तुझ्या नावानं."
मी 'मुद्रणदोष' लिहिलं. त्यांनी टराटरा फाडलं. 'नजरचूक' लिहिलं. तेही फाडलं. शेवटी लिहिलं, 'मला कळत नव्हतं, तरी मीच तारे उडवले.' ते मात्र घेऊन गेले. पुढं रस्त्यात मी दिसलो की थुंकायचे. मीही शिव्या द्यायचो, ते लांब गेल्यावर.

बाईंचं उत्तर माझ्या दुकानावर आलं: 'तारे धरून पुन्हा वाचलं. मांडणी पटली. सरांना भेटायचं आहे.' मी मोटरसायकल काढून सांगवी गाठली. आबा दारात चपला काढत होते.
"हितं कशाला आलास?"
पत्र पुढं केलं. आबांनी उभ्यानंच वाचलं. परत वाचलं.
"नीघ," म्हणाले, आणि आत जाऊन माझ्या तोंडावर दार आपटलं.

त्यानंतर आबा मला दिसले नाहीत, आता ते गेले, दिसायचेही नाहीत. त्या दिवशी दारात त्यांची एकच चप्पल होती. दुसरी पायात तशीच ठेवून ते आत धावले होते.